उत्तरेची खिडकी

ऑक्टोबरच्या मध्यावर एखाद्या सकाळी लादीवर पाय टेकवत नाही. त्या दिवशी मी बेसमेंटमध्ये उतरते आणि घर तापवायची फर्नेस सुरू करते. वर्षातला पहिला गरम झोत जाळीतून वर येतो, तेव्हा त्याला उन्हाळाभर साचलेल्या धुळीचा जळका वास असतो. तासदोन तास तो घरभर फिरतो आणि निघून जातो. बाहेर ओल्या मेपलच्या पानांना चहाच्या चोथ्याचा वास येत असतो, शेजारच्या शेतात मक्याची वाळलेली धाटं खडखडत असतात, आणि वरून रानबदकांचे थवे भांडत भांडत दक्षिणेकडे निघालेले असतात. श्रीकांत गेल्यापासून फर्नेस मीच सुरू करते. पण तो जळका वास आला की मला त्यांच्या जाण्याची आठवण येत नाही. फार वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरची येते. त्या वर्षी ते जाता जाता राहिले होते, आणि आमच्या घराला अजून खिडक्या नव्हत्या. नुसती भोकं होती.

कॅनडातल्या ग्वेल्फच्या बाहेर, ओढ्याकडे उतरत जाणारा जमिनीचा एक तुकडा आम्ही घेतला होता. श्रीकांत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, मी विद्यापीठात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत. दोघंही पन्नाशीत. घर आपल्या हातांनी बांधायचं हे वेड दोघांनाही एकाच वेळी लागलं, त्यामुळे एकमेकांना शहाणपणा शिकवायला घरात कोणी उरलं नाही. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन आम्ही लाकूडकाम शिकलो. सुतारांना हाताशी धरून सांगाडा उभा केला. भिंती जाड ठेवल्या, दोन लाकडी सांगाडे मागेपुढे आणि मध्ये ऊब धरणारं भरण. माझा सगळा जीव त्या भिंतींमध्ये होता, आणि भिंतींपेक्षा जास्त खिडक्यांच्या कडांमध्ये.

त्याचं कारण होतं आमचं पहिलं घर. कॅनडात आल्यावर पहिले काही हिवाळे आम्ही टोरांटोतल्या एका बेसमेंटमध्ये काढले. खिडकी जमिनीलगत, तिच्यातून दिसायचे फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट. जानेवारीत काचेवर आतून बर्फ धरायचा, आणि दुपारी तो वितळून पाणी थेट गादीवर ठिबकायचं. श्रीकांत लोणी लावायच्या सुरीनं चौकटीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबत बसायचे. निखिल तेव्हा लहान होता, रात्रभर खोकायचा. मी घरमालकाला बोलावून फट दाखवली. तो खांदे उडवून म्हणाला, "धिस इज कॅनडा. विंडोज आर कोल्ड."

मी नागपूरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून आले होते. वारा काचेतून येत नव्हता, भिंत आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून येत होता, हे मला मेणबत्ती धरून त्याला सिद्ध करून दाखवता आलं असतं. त्याला ते नको होतं. थंडी हा त्याच्या देशाचा स्वभाव होता आणि आम्ही तो मुकाट्यानं सोसायचा होता. तेव्हा मनाशी म्हटलं, सोसेन, पण बाहेर. बूट घालून, टोपी घालून, दारातला बर्फ शोव्हल करताना सोसेन. घरात नाही.

खरं तर नागपूरच्या माणसाला खिडकीशी कसं वागायचं हे शिकवावं लागत नाही. मे महिन्यात सकाळी सकाळीच आई खिडक्या लावून घ्यायची. बाहेरून वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर बाबा बादलीनं पाणी मारणार, आणि अंधाऱ्या खोलीत तो ओला, गोडसर, मातकट वास पसरणार. उन्हाची एक तिरीप जरी आत आली तरी आजूबाजूचं कुणीतरी उठून ती बंद करायचं. आम्ही उष्णता बाहेर ठेवायला शिकलो होतो. इथे ती आत ठेवायची, एवढाच फरक. नियम तोच: ती आपल्या परवानगीनं आत-बाहेर करेल, तिच्या मर्जीनं नाही.

ऑगस्टमध्ये छत चढलं आणि त्याच आठवड्यात श्रीकांतना हार्ट अटॅक आला. बायपास झाली. दवाखान्यातून परत आले ते अर्धे होऊन. डॉक्टरांनी हातोडा उचलायला मनाई केली होती, पण ते चमचा उचलायलाही तयार नव्हते. आमच्या भाड्याच्या टाउनहाऊसमध्ये टीव्हीसमोर बसून राहायचे. टीव्ही बंद असला तरी तिकडेच बघायचे. मी विचारायची, "येता का साइटवर?" तर म्हणायचे, "कशाला? भोकं पाहायला?"

रविवारी माणसं डबे घेऊन भेटायला यायची. अशाच एका रविवारी दामलेकाका आले. साठच्या दशकाच्या शेवटी आलेले, प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आमच्या मराठी मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. निखिलही त्या दिवशी रिचमंड हिलहून आला होता. तिथे तो सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला होता, नुकतंच लग्न झालं होतं.

"सुमनताई," पोह्यांची बशी खाली ठेवत काका म्हणाले, "हट्ट पुरे झाला आता. आहे तसं विकून टाका. एखादा छान काँडो फ्लॅट घ्या. शोव्हल करायला नको, ग्रास कापायला नको. श्रीकांतला आराम पाहिजे."

"आरामच तर करून राहिलो," श्रीकांत टीव्हीकडे बघत म्हणाले.

"आई, काका इज राइट," निखिल म्हणाला. "बी रिअलिस्टिक. हू इज गोइंग टू फिनिश इट?"

"मी."

"यू?"

"मी. विकायचंच ठरलं तर पूर्ण करून विकीन. भोकं ठेवून विकणार नाही."

मग मी काकांना विचारलं, पोह्यांना लिंबू कमी आहे का. ते नाही म्हणाले आणि विषय तिथे संपला. त्यांच्या मते टळला, माझ्या मते ठरला. त्या सगळ्यांनी आमच्यासाठी जी सोय योजली होती, तिच्यात एकच गोष्ट नव्हती. श्रीकांतनी सकाळी उठून करावं असं काहीही तिच्यात नव्हतं. त्या काँडोच्या खुर्चीत ते कसे दिसतील हे मला आत्ताच समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिटबीहून मालतीवहिनींचा फोन आला. या माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि वहिनींचं सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून गेलेलं.

"अगं सुमन, तू खरंच ती खिडक्यांची कामं करणार आहेस?"

"हो वहिनी."

"मग मी येते शनिवारी. हातमोजे माझे मी आणीन."

त्या आल्या त्या कामाचे कपडे, थर्मास आणि केस वाळवायचा ड्रायर घेऊन. ड्रायर कशाला, हे मी विचारलं नाही. पुढे तोच सगळ्यांत जास्त उपयोगी पडला.

भोकात काच ठेवली की खिडकी झाली, असं पुष्कळांना वाटतं. काच पुष्कळ नंतर येते. आधी भोक तयार करावं लागतं. खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यायचा, म्हणजे कधी पाणी शिरलंच तर ते आपल्या वाटेनं बाहेर जाईल. त्या उतारावर काळी, चिकट, पाणी न शोषणारी जाड पट्टी चिकटवायची आणि दोन्ही बाजूंना वीतभर वर चढवायची. वरच्या तुळईच्या पोकळीत भरण ठासायचं. मग चारी बाजूंच्या लाकडाला आतून फोमच्या पट्ट्यांचं अस्तर लावायचं, कारण लाकूडसुद्धा थंडी आत घेऊन येतं. लोखंडाइतकी नाही, पण आणतं. आणि एवढं सगळं करून खिडकी भोकात बसली पाहिजे, भोवती बोट जाईल इतकीच फट राहिली पाहिजे. फट जास्त झाली तर ऊब जाते, कमी झाली तर खिडकी अडते. मी प्रत्येक माप दोनदा घ्यायची, आणि वहिनी तिसऱ्यांदा.

सगळ्यांत अवघड कोपरे. तिथे पट्टीला घडी पडते आणि घडीतून पाणी वाट काढतं. माझे पहिले दोन कोपरे बघून वहिनींनी ते उपटून काढले.

"कोपरा म्हणजे टाच असते गं," त्या म्हणाल्या. "बँडेज नेहमी टाचेवरच सुटतं. तू सरळ बाजू कर. कोपरे माझ्याकडे दे."

मग त्या गुडघ्यांवर बसून, जिभेचं टोक ओठांत धरून, ती काळी पट्टी ताणायच्या, वळवायच्या, अंगठ्यानं दाबायच्या. गार हवेत पट्टी चिकटेना, तेव्हा ड्रायर बाहेर आला. एक हात ड्रायरवर, एक पट्टीवर. माझ्या बोटांची टोकं फुटली होती. दुपारी आम्ही भोकात पाय सोडून बसायचो, बोटांना खोबरेल चोळायचो, थर्मासमधला आल्याचा चहा प्यायचो. समोर ओढा, त्याच्यापलीकडे लाल-पिवळं रान, आणि पाठीमागून पुढे सरळ आरपार जाणारा वारा. तो वारा मला तेव्हा माणसासारखा वाटायचा. जा, मी मनात म्हणायची, अजून थोडे दिवस जा-ये कर.

श्रीकांतना एकटं ठेवायचं नाही, हे कारण सांगून मी त्यांना गाडीत घालून न्यायची. ते गाडीतच बसून राहायचे. गुडघ्यांवर ब्लँकेट, तोंड रस्त्याकडे. मला त्यांचा रागही यायचा, आणि घसरलेलं ब्लँकेट नीटही मीच करायची.

"बसू दे," वहिनी म्हणायच्या. "पेशंटला ओढून उठवायचं नसतं. उठावंसं वाटेल असं काहीतरी समोर ठेवायचं आणि आपण आपलं काम करायचं."

सगळ्यांत मोठं भोक उत्तरेच्या भिंतीत होतं. ते श्रीकांतचं. नकाशा काढताना त्यांनी ओढ्याच्या बाजूला ही एवढी मोठी खिडकी काढली होती आणि म्हणाले होते, "म्हातारपणी मी इथे बसणार." उत्तरेला ऊन येत नाही. तिकडची खिडकी काही कमावत नाही, नुसती खर्च करते. ज्याला ज्याला विचारलं तो तो म्हणाला, ती लहान करा, नाहीतर बुजवून टाका. माझं भौतिकशास्त्रही तेच म्हणत होतं. आणि तो माणूस तिथे बसेल की नाही, याचीच त्या दिवसांत खात्री नव्हती.

मी तिच्यावर पुष्कळ विचार केला. ऊब वाचवायचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे खिडकीच न ठेवणं. धान्याची कोठी तशीच असते. पण आपल्याला कोठीत राहायचं नसतं. थंडीला घाबरून डोळ्यांसमोरचा ओढा सोडून द्यायचा, तर मग त्या बेसमेंटच्या मालकाचं म्हणणं खरं झालं असतं. मी ती खिडकी एका इंचानंही लहान केली नाही. मात्र तिच्या कडांवर जितका वेळ दिला तितका कुठल्याच खिडकीवर दिला नाही. अस्तर दुहेरी केलं, उतार पाणी ओतून तपासला, आणि वहिनींनी कोपरे दोनदा केले.

ऑक्टोबरच्या शेवटी तिहेरी काचांच्या खिडक्या ट्रकमधून आल्या. बसवणाऱ्यांचा मुकादम उंच, नेटकं बोलणारा, घाईत असलेला माणूस होता. ट्रक उत्तरेच्या बाजूला लागला म्हणून त्यानं तीच खिडकी पहिली घ्यायची ठरवली. आमचं काम बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

"व्हॉट्स ऑल धिस?"

मी सांगितलं. बाहेरून खालची कड मोकळी ठेवायची, शिरलेलं पाणी निघालं पाहिजे. भोवतीच्या फटीत कमी फुगणारा फोम, जास्त फुगणारा चौकट वाकवतो. आणि हवा रोखायची ती आतून, ती पट्टी मी स्वतः लावीन.

तो शांतपणे म्हणाला की आपण आयुष्यभर खिडक्या बसवतो आहोत, फटीत फायबरचा कापूस कोंबायचा, चारी बाजूंनी बाहेरून सील करायचं, संपलं. कोणी असले लाड करत नाही. आपल्या पद्धतीनं नको असेल तर खिडक्या ट्रकमध्ये परत चढवतो.

पुढे बर्फ उभा होता. खिडक्या परत गेल्या असत्या तर वसंतापर्यंत ते घर भोकांसकट भिजलं असतं, आणि मग ते विकायचं की नाही हे ठरवायचीही गरज राहिली नसती. हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. मी उत्तरेच्या भोकात चढले आणि पाय बाहेर सोडून बसले. वहिनी आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या, ड्रायर मांडीवर घेऊन.

मुकादमानं आमच्याकडे पाहिलं, आपल्या माणसांकडे पाहिलं, आणि तो सरळ गाडीकडे चालत गेला. काच खाली झाली. तो काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण दार उघडलं आणि श्रीकांत खाली उतरले. ब्लँकेट सीटवर राहिलं. फळ्यांवरून सावकाश पाऊल टाकत ते भिंतीपाशी आले आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारच्या लाकडाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी अंगठा उतारावरून फिरवला, कोपऱ्यापर्यंत नेला, कोपऱ्यात दाबून पाहिला.

"हे कोपरे कोणी केले?"

"वहिनींनी."

"आणि उतार?"

"मी."

"बरोबर आहे," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा इंजिनिअरचा आवाज ऐकला.

मुकादम मागे उभा होता. "सर, विल यू टॉक टू युवर वाइफ?"

श्रीकांत वळले आणि त्याला इंग्रजीत म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी तिच्याशी बोलूनच पाहतो आहे. तुम्हीही बोलून पाहा, पण संध्याकाळ होईल. ती म्हणते तशी बसवा."

मुकादमाचा एक माणूस हसला. मग मुकादमही हसला, नाइलाजानं. आणि मग श्रीकांत हसले, छातीवरची शिवण दुखली म्हणून हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हसताना उशी धरा म्हणून सांगितलं होतं ना छातीशी," वहिनी रागावल्या.

"इथे कुठून आणू उशी, वहिनी?"

वहिनींनी आपली टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

खिडकी आम्ही सांगितली तशी बसली. बाकीच्याही. आतल्या पट्ट्या मी लावल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रीकांत गाडीत बसले नाहीत. उलट्या बादलीवर बसून मला चुका दाखवायचे. डिसेंबरात बोचरा वारा सुटला तेव्हा वहिनींनी पर्समधून उदबत्तीचा पुडा काढला आणि एक पेटवून त्यांच्या हातात दिली. एवढं उचलायला डॉक्टरांची हरकत नव्हती. ते एकेका खिडकीच्या कडेनं ती सावकाश फिरवत गेले. नव्या लाकडाच्या वासात चंदनाचा वास मिसळला. वॉशरूमच्या लहान खिडकीपाशी धूर आत वळला.

"इथे गळून राहिलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मला ती गळती गोड वाटली. फोमची नळी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि ती फट स्वतः भरली. उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांनी उदबत्ती कितीतरी वेळ धरली. बाहेर रान वाऱ्यानं वाकत होतं. धूर सरळ छताकडे गेला.

आम्ही राहायला आल्यावर दामलेकाका आले. उत्तरेच्या काचेसमोर तळहात धरून उभे राहिले. "एवढी मोठी, उत्तरेला?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. ते श्रीकांतच्या खुर्चीत बसले, आणि चहा संपल्यावरही संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. श्रीकांतना उभं राहून ओढा बघावा लागला.

विकायचा विषय पुन्हा निघाला नाही असं नाही. निखिल दर हिवाळ्यात काढायचा. अंतर, बर्फ, बाबांची तब्येत. त्याचं काही चुकत होतं असंही नाही. मी दर वेळी ऐकून घ्यायची आणि दर वेळी नाही म्हणायची.

मग काही वर्षांनी नाताळच्या तोंडावर तो पाऊस आला, पडता पडता गोठणारा. फांद्या काचेच्या झाल्या, तारा तुटल्या, टोरांटोच्या आसपास गावंच्या गावं अंधारात गेली. रिचमंड हिलच्या निखिलच्या घराला दोन मजली उंच काचा होत्या. वीज गेल्यावर ते घर एका रात्रीत गारठलं. सकाळी त्यानं फोन केला.

"आई, डू यू हॅव पॉवर?"

"नाही. फर्नेस बंद आहे. पण या."

ते तिघं आले तेव्हा दुपार झाली होती. निखिल, सून आणि छोटी अन्वी, कपड्यांच्या इतक्या थरांत की तिला नीट चालताही येत नव्हतं. आभाळ उघडलं होतं. दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन थेट भिंतीपर्यंत आलं होतं. मी डेकवरच्या बार्बेक्यूवर चहा उकळून आत आणला. सून सोफ्यावर टेकली आणि बसल्या बसल्या झोपली.

निखिल बसला नाही. तो खोलीत फिरत होता. एका खिडकीपाशी थांबला, चौकटीच्या कडेला हात धरला, खालून वर नेला. मग दुसऱ्या. मग उत्तरेच्या.

"काय शोधून राहिला?" श्रीकांतनी खुर्चीतून विचारलं.

"नथिंग, बाबा."

हात खाली घेऊन तो तसाच उभा राहिला. अन्वीचे गाल लाल झाले होते, ती गळ्याशी जॅकेटची चेन ओढत कुरकुरत होती. तो तिच्यासमोर खाली बसला, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्यानं मराठीत विचारलं.

"आई, हिचं जॅकेट काढू का?"

"काढ," मी म्हटलं. "तुझंही काढ."